लॉर्ड बायरन आणि त्याची खासगी पत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रज कवी बायरनचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात: तो दिसायला देखणा होता आणि वागायला बदनाम. दोन्ही खऱ्या आहेत, पण त्यावर थांबलं की इंग्रजी गद्यातला एक मोठा ठेवा हातून निसटतो. बायरनची सुमारे 3,000 पत्रं आज उपलब्ध आहेत, आणि माझ्या मते ती त्याच्या निम्म्याहून अधिक कवितांपेक्षा सरस आहेत. ती वाचताना एकच सवय लावून घ्या. काय लिहिलंय ते वाचण्याआधी कोणाला लिहिलंय ते बघा. बायरनबद्दलचे निम्मे गैरसमज एका माणसाला लिहिलेली ओळ साऱ्या जगाला लिहिल्यासारखी वाचल्यामुळे झालेले आहेत.

बायरन नेमका कोण होता, थोडक्यात सांगाल का?

जॉर्ज गॉर्डन बायरन. जन्म लंडनमध्ये, 22 जानेवारी 1788. वडील कॅप्टन जॉन बायरन उधळे आणि कर्जबाजारी. लोक त्यांना ‘मॅड जॅक’ म्हणत. आई कॅथरिन गॉर्डन स्कॉटलंडची. तिची इस्टेट नवऱ्याने फुंकून टाकली, त्यामुळे मुलाचं बालपण अॅबर्डीनमध्ये ओढगस्तीत गेलं. उजवा पाय जन्मापासून अधू होता, आणि त्याची सल त्याला आयुष्यभर राहिली. 1798 मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, सरदारकी त्याच्याकडे चालत आली आणि त्याबरोबर नॉटिंगहॅमशायरमधली न्यूस्टेड अॅबी ही पडझड झालेली वास्तूही. पुढे हॅरो शाळा, मग केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज. 1809 ते 1811 पोर्तुगाल, स्पेन, माल्टा, अल्बानिया, ग्रीस आणि तुर्कस्तानचा प्रवास. मार्च 1812 मध्ये ‘चाइल्ड हॅरल्ड’ या दीर्घकाव्याचे पहिले दोन सर्ग आले आणि पहिल्या आवृत्तीच्या 500 प्रती तीन दिवसांत संपल्या. 1814 मध्ये ‘द कॉर्सेअर’च्या दहा हजार प्रती एका दिवसात खपल्या. 1816 मध्ये त्याने इंग्लंड सोडलं ते कायमचं. 19 एप्रिल 1824 रोजी ग्रीसमधल्या मिसोलोंगी इथे तो वारला, तेव्हा तो 36 वर्षांचा होता.

पत्रांचं एवढं कौतुक का?

कारण त्यांत तो पोझ घेऊन बसलेला नाही. कवितेतला बायरन पुष्कळदा खिन्न चेहऱ्याने कड्यावर उभा असतो. पत्रातला बायरन गप्पा मारतो, चिडतो, हिशेब मागतो, स्वतःचं वाक्य अर्ध्यात तोडून भलत्याच विषयावर जातो. पूर्णविराम जवळपास नाहीतच, सगळीकडे आडव्या रेघा. घाईत बोलणाऱ्या माणसाचा श्वास जसाच्या तसा कागदावर उतरलाय.

दोन-तीन पत्रं जवळून बघा. 12 नोव्हेंबर 1809 रोजी एकवीस वर्षांचा बायरन आईला अल्बानियातून लिहितो. तिथला तुर्की सुभेदार अली पाशा याच्या दरबारात त्याचं स्वागत झालंय. पाशाने म्हणे त्याचे लहान कान, कुरळे केस आणि छोटे गोरे हात बघून ओळखलं की हा मोठ्या घराण्यातला. पोराचा फुगलेला ऊर त्या ओळीतून दिसतो, आणि ती आईलाच का लिहिलीय हेही कळतं. या मायलेकांची घरात सतत भांडणं होत. इथे मुलगा तिला अगदी मन लावून खूश करतोय.

उलट 30 मे 1817 चं पत्र प्रकाशक जॉन मरीला आहे. रोममध्ये तीन दरोडेखोरांना गिलोटिनवर दिलं, ते बायरनने जवळून पाहिलं. पहिल्या शिरच्छेदाने अंग तापलं, घसा कोरडा पडला आणि ऑपेरा ग्लास हातात धरवेना, असं तो लिहितो. आणि पुढे कबूल करतो की दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तसं काहीच झालं नाही, माणूस किती लवकर बधिर होतो याची लाज वाटते. एवढा प्रामाणिकपणा त्या काळच्या प्रवासवर्णनांत शोधूनही सापडत नाही.

याच मरीला इटलीतून पत्रं जातात ती दातांची पावडर आणि मॅग्नेशिया पाठव म्हणून. त्याच दमात कवितेवरची टीका, व्हेनिसमधल्या भानगडी, प्रूफांतल्या चुकांबद्दलचा संताप. आणि 28 फेब्रुवारी 1817 च्या पत्रात मित्र टॉमस मूरला कार्निव्हलच्या जाग्रणांबद्दल सांगता सांगता तो सहज बारा ओळी लिहून जातो. ‘आता रात्री भटकणं पुरे’ या आशयाची ती कविता आज इंग्रजीतल्या सर्वांत लाडक्या भावकवितांत गणली जाते. बायरनने ती छापायलाही दिली नव्हती.

त्याची बदनामी नेमकी कशाने झाली?

सुरुवात लेडी कॅरोलाइन लॅम या सरदार घराण्यातल्या विवाहित बाईपासून धरतात. 1812 च्या वसंतात दोघांचं प्रकरण सुरू झालं आणि काही महिन्यांतच बायरनच्या बाजूने संपलं. तिच्या बाजूने ते संपेना. त्या डिसेंबरात तिने ब्रॉकेट हॉलला होळी पेटवून त्याचा पुतळा जाळला. त्याबरोबर त्याची पत्रंही आगीत टाकली, पण नकला करून. मूळ पत्रं तिने जपून ठेवली होती. जानेवारी 1813 मध्ये बायरनच्या अक्षरात बनावट चिठ्ठी लिहून तिने मरीकडून त्याचं छोटं चित्र मिळवलं. 1816 मध्ये कादंबरी लिहिली आणि त्यात त्याचं निरोपाचं पत्र छापून टाकलं. तिला वेडी ठरवून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. तिने जे उघडपणे केलं ते त्या समाजात बाकीचे बंद दाराआड करत होते.

हे सगळं बायरन कोणाला कळवत होता? लेडी मेलबर्नला, म्हणजे कॅरोलाइनच्या सासूला! साठीच्या घरातल्या या बाईशी त्याचं जे जमलं तसं क्वचितच कोणाशी जमलं. आणि तिचीच भाची अॅनाबेला पुढे त्याची बायको झाली. लेडी मेलबर्नला लिहिलेली पत्रं वाचताना हे नातं डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. तिला चटकदार बातम्या आवडत, म्हणून तो त्या तिखटमीठ लावून पुरवतो. त्यातल्या फुशारकीला कबुलीजबाब समजणं धोक्याचं आहे.

सावत्र बहिणीशी संबंध होते, हे खरं का?

ऑगस्टा ली ही वडिलांच्या पहिल्या बायकोची मुलगी, बायरनपेक्षा पाचएक वर्षांनी मोठी, लग्न झालेली. दोघं लहानपणी एकत्र वाढली नाहीत. 1813 च्या उन्हाळ्यात ती खऱ्या अर्थाने जवळ आली. बहुतेक चरित्रकार संबंध होते असंच मानतात, मीही मानतो. पुरावा पत्रांचाच आहे. एप्रिल 1814 मध्ये ऑगस्टाला मुलगी झाली, मेडोरा. त्यानंतर बायरन लेडी मेलबर्नला लिहितो की मूल माकड निघालेलं नाही, आणि निघालं असतं तर तो दोष माझाच. अशा संबंधांतून माकड जन्मतं ही जुनी समजूत इथे अभिप्रेत आहे, असा अर्थ लावला जातो. पण मेडोरा त्याचीच होती हे यातून सिद्ध होत नाही. पुन्हा, पत्र कोणाला आहे ते बघा.

मला जास्त वजनदार वाटतं ते मे 1819 मध्ये व्हेनिसहून खुद्द ऑगस्टाला लिहिलेलं पत्र. तिच्यावाचून दुसऱ्या कोणावर खरं प्रेम करताच आलं नाही, असं तो तीन वर्षांच्या विरहानंतर लिहितो. त्यात ना फुशारकी ना चमकदार वाक्यं. ऑगस्टाने हे पत्र काय केलं? अॅनाबेलाला दाखवायला पाठवलं. विभक्त झालेल्या बायकोने नवऱ्याच्या बहिणीच्या मनावर किती पकड बसवली होती, हे या एका गोष्टीवरून कळतं.

जाहीर बोभाटा मात्र खूप उशिरा झाला. 1869 मध्ये अमेरिकन लेखिका हॅरिएट बीचर स्टो यांनी अॅनाबेलाने त्यांना खासगीत सांगितलेलं लेखात छापलं, आणि दोन्ही देशांत गदारोळ उडाला. 1905 मध्ये बायरनचाच नातू, अर्ल ऑफ लव्हलेस, याने घरातली कागदपत्रं खासगी आवृत्तीत प्रसिद्ध केली.

मग लग्न केलंच कशाला, आणि ते मोडलं कसं?

अॅनाबेला मिलबँक हुशार होती, गणितात रमणारी, धार्मिक, आणि बिघडलेल्या माणसाला सुधारण्याची हौस असलेली. बायरनला पैशाची निकड होती आणि स्वतःपासून पळायचं होतं. 2 जानेवारी 1815 ला सीहॅम इथे लग्न झालं, 10 डिसेंबरला मुलगी एडा जन्मली, आणि 15 जानेवारी 1816 ला अॅनाबेला तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी निघाली. दुसऱ्याच दिवशी तिने नवऱ्याला पत्र लिहिलं ते अगदी लाडाच्या नावाने हाक मारून. पुढच्या काही आठवड्यांत वकील आले. बायरनच्या बाजूचे लोक हे पत्र दाखवून म्हणत राहिले की बघा, तिचं काही बिनसलेलंच नव्हतं.

हा युक्तिवाद मला अन्यायाचा वाटतो. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात मुलाचा ताबा बापाचा. घरात दारू, संताप, जप्तीचे बेलीफ, बाळंतपणाच्या दिवसांत केलेला छळ. अशा घरातून बाहेर पडलेली बाई भिंतीआड सुरक्षित होईपर्यंत गोड लिहिणारच. एप्रिल 1816 मध्ये विभक्त होण्याच्या करारावर बायरनने सही केली आणि 25 एप्रिलला डोव्हरहून जहाज गाठलं. बायको आणि मुलगी त्याला पुन्हा कधी दिसली नाही.

त्याचे पुरुषांशीही संबंध होते का?

हो. केंब्रिजमधला गायक मुलगा जॉन एडल्स्टन 1811 मध्ये वारला. त्याच्यासाठी बायरनने शोकगीतं लिहिली, पण नाव दिलं ते एका स्त्रीचं. मित्रांना लिहिलेल्या पत्रांत लॅटिन उताऱ्यांच्या आडून सांकेतिक भाषा येते. त्या काळी इंग्लंडमध्ये या गुन्ह्याला फाशी होती, हे लक्षात घेतलं की आडपडद्याचं आश्चर्य वाटत नाही. इंग्लंड सोडण्यामागे ही भीतीही होती, असं अनेक अभ्यासक मानतात.

आत्मचरित्र मित्रांनीच जाळलं, हे खरं का?

दुर्दैवाने खरं. 1819 च्या ऑक्टोबरात मूर इटलीत भेटायला आला, तेव्हा बायरनने आठवणींचं हस्तलिखित त्याच्या हाती दिलं: मी जिवंत असेपर्यंत छापू नकोस, नंतर हवं ते कर. पुढे मूरने पैशाच्या अडचणीत ते मरीला 2,000 गिनींना विकलं.

बायरन गेल्याची बातमी लंडनला 14 मे 1824 ला पोचली. तीन दिवसांनी, 17 मे रोजी, 50 अल्बेमार्ल स्ट्रीटवर मरीच्या दिवाणखान्यात मंडळी जमली. जॉन कॅम हॉबहाउस हा सर्वांत जवळचा मित्र आणि मृत्युपत्राची जबाबदारी असलेला. ऑगस्टाच्या वतीने विल्मट हॉर्टन, अॅनाबेलाच्या वतीने कर्नल डॉइल. मूर आणि त्याचा मित्र लटरेल. मूर विनवत होता की निदान आधी वाचा तरी, हवं तर आक्षेपार्ह भाग काढा. वादावादी हातघाईवर यायची वेळ आली. शेवटी पानं फाडली आणि शेगडीत टाकली, केलेल्या नकलेसकट. मरीने आपला सोळा वर्षांचा मुलगा हे बघायला खोलीत बोलावला होता.

हॉबहाउसने ते हस्तलिखित वाचलं नव्हतं. मरीनेही वाचलं नव्हतं. मूरने त्याच दिवशी पैसे परत केले, म्हणजे मालकीचा प्रश्नही धड सुटलेला नव्हता. मित्राची अब्रू राखण्यासाठी केलं, असं हॉबहाउस म्हणत राहिला, आणि त्याच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण परिणाम बघा. ज्या लग्नाबद्दल बायरनने स्वतःच्या शब्दांत काही सांगितलं होतं, त्याबद्दल पुढची दोनशे वर्षं इतरांनीच बोलायचं. अब्रू तर वाचली नाहीच, उलट त्या राखेत प्रत्येकाने आपल्या मनातलं पाप वाचलं. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

पत्रं मग शिल्लक कशी राहिली?

कारण ती एका ठिकाणी नव्हती. लिहिणाऱ्याकडे पत्र राहत नाही, ते घेणाऱ्याच्या घरी जातं. मरीने आपल्याकडची जपली, ऑगस्टाने, लेडी मेलबर्नने, इटलीतली प्रेयसी तेरेसाने आपापली. जाळणाऱ्यांच्या हाती सगळे पेटारे लागलेच नाहीत.

छापताना मात्र कात्री चालली. मूरने 1830 मध्ये काढलेल्या चरित्रात पत्रं भरपूर आहेत, पण नावांच्या आणि नको त्या मजकुराच्या जागी फुल्या. मूळ पत्रांचा मूरने वापर केल्यानंतर त्यातली कित्येक नाहीशी झाली, त्यामुळे तेवढ्या फुल्या कायमच्या. 1898 ते 1901 दरम्यान रोलंड प्रोथरोने सहा खंड काढले, तेही सोवळं सांभाळून. संपूर्ण मजकूर जसाच्या तसा वाचायला मिळाला तो लेस्ली मार्चंड या अमेरिकन प्राध्यापकाच्या बारा खंडांत, 1973 पासून पुढे. त्यांनी आडव्या रेघा ठेवल्या, शिव्या ठेवल्या, नावं ठेवली. मरी घराण्याचा दप्तरखाना 2006 मध्ये एडिनबरोच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने विकत घेतला. बायरनला अनोळखी बायकांनी लिहिलेली चाहत्यांची पत्रंही त्या दप्तरात आहेत.

क्लेअर क्लेअरमाँट आणि अलेग्राचं काय झालं?

बायरनवर प्रेम करणाऱ्यांनी हा प्रश्न टाळू नये. क्लेअर ही मेरी शेलीची सावत्र बहीण. 1816 च्या वसंतात लंडनमध्ये तिने स्वतः पत्र लिहून त्याची ओळख करून घेतली. त्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी व्हिला डिओडाटीत सगळे जमले, पावसाने घरात कोंडले गेले, आणि भुताच्या गोष्टी लिहिण्याच्या पैजेतून मेरीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ जन्मली, हे सर्वांना माहीत असतं. त्याच गोटात क्लेअर गरोदर होती, हे कमी सांगितलं जातं.

जानेवारी 1817 मध्ये अलेग्रा जन्मली. बायरनने तिला आपल्याकडे घेतलं, पण क्लेअरला भेटू द्यायचं नाही या अटीवर अडून राहिला. मार्च 1821 मध्ये चार वर्षांच्या पोरीला राव्हेनाजवळ बान्याकाव्हाल्लो इथल्या मठात ठेवलं. क्लेअरने विनवण्यांची पत्रं पाठवली, मठातली हवा पोरीला सोसणार नाही म्हणून कळवळून लिहिलं. त्याने तिला उत्तरं दिली नाहीत. अलेग्राचं एक इटालियन पत्र शिल्लक आहे: बाबा, जत्रा आहे, तुम्ही या. तो गेला नाही. 20 एप्रिल 1822 ला ती तापाने गेली, पाच वर्षांची. नंतरच्या पत्रांत त्याचं दुःख दिसतं, आणि ते मला खोटं वाटत नाही. पण त्याआधीच्या वर्षभरात तो मठात एकदाही गेला नव्हता, हेही त्याच पत्रव्यवहारात आहे.

तेरेसा ग्विच्चोलीला लिहिलेली पत्रं वेगळी आहेत का?

अगदी वेगळी, मुळात इटालियनमध्ये. 1819 च्या एप्रिलात व्हेनिसमध्ये भेट झाली तेव्हा तिचं लग्न होऊन वर्षच झालं होतं, नवरा साठीकडे झुकलेला. ऑगस्टमध्ये बोलोन्यात ती घरी नसताना बायरन तिच्या बागेत बसला आणि तिच्याच पुस्तकाच्या कोऱ्या पानावर इंग्रजीत प्रेमपत्र लिहिलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. म्हणजे त्या क्षणी तरी ते तिच्यासाठी नव्हतंच, तो स्वतःशी बोलत होता. तेरेसाने पुस्तक, पत्रं, केसांच्या बटा सगळं मरेपर्यंत सांभाळलं.

ग्रीसला तो मिरवायला गेला होता का?

नाही. तुर्कांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात ग्रीकांना मदत करायला गेला होता. स्वतःचे 4,000 पौंड त्याने ग्रीक आरमारासाठी दिले. मिसोलोंगीतून लिहिलेली पत्रं पगार, दारूगोळा, रुसलेले सैनिक आणि आपसात भांडणारे पुढारी यांनी भरलेली आहेत. त्यांत काव्य जवळपास नाही. तुर्क कैद्यांना त्याने सोडवलं, आणि त्यातल्या एका लहान तुर्क मुलीला एडाच्या सोबतीला पाठवावं का, असं ऑगस्टाला विचारलं. एप्रिलमध्ये पावसात भिजून ताप आला आणि डॉक्टरांनी जळवा लावून रक्त काढत काढत त्याला संपवलं. वेस्टमिन्स्टर अॅबीने जागा नाकारली. न्यूस्टेडजवळच्या हक्नॉलच्या चर्चमध्ये दफन झालं. 1852 मध्ये एडाही 36 व्या वर्षीच गेली, आणि तिच्या इच्छेप्रमाणे न पाहिलेल्या बापाशेजारी तिला ठेवलं.

बायरनचा महाराष्ट्राशी काही संबंध?

त्याचा स्वतःचा नाही, त्याच्या दोन जिवलगांचा आहे. हॅरोमधला त्याचा सर्वांत लाडका मित्र म्हणजे अर्ल ऑफ क्लेअर. 1821 मध्ये इमोला आणि बोलोन्याच्या मधल्या रस्त्यावर दोघांची अचानक पाचएक मिनिटांची गाठ पडली. क्लेअर हे नाव ऐकलं की अजून काळीज धडधडतं, असं बायरनने टिपणवहीत लिहून ठेवलंय, आणि मरणाच्या तीन आठवडे आधी त्याला पत्रही लिहिलं. हाच क्लेअर 1831 ते 1835 मुंबईचा गव्हर्नर होता. भायखळ्याचा क्लेअर रोड त्याच्या नावाचा. आज त्या रस्त्याला मिर्झा गालिबचं नाव आहे.

दुसरा हॉबहाउस. आठवणी जाळणारा हा मित्र पुढे मंत्री झाला आणि लंडनमधल्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा, म्हणजे हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा, दोनदा अध्यक्ष होता. 1839 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर केलं ते त्याच्या पहिल्या कारकिर्दीत, आणि 1848 मध्ये त्यांच्या जागी आलेले भाऊ शहाजीराजे वारल्यावर सातारा खालसा झाला तो दुसऱ्या.

दुसऱ्याची खासगी पत्रं वाचणं बरं दिसतं का?

जिवंत माणसांची नाही. इथे सगळ्यांना जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झालीत, आणि बायरनला तर आपली पत्रं हातोहात फिरतात हे माहीतच होतं. मरीला लिहिलेली कित्येक पत्रं त्या दिवाणखान्यात वाचून दाखवली जातील या बेताने लिहिलेली आहेत. मला जास्त संकोच वाटतो तो क्लेअर क्लेअरमाँटची आणि अॅनाबेलाची पत्रं वाचताना. त्यांनी ती फक्त एका माणसासाठी लिहिली होती. पण तीही वाचली पाहिजेत, नाहीतर पुन्हा एकट्या बायरनचाच आवाज उरतो.

कुठून सुरुवात करू?

मूर आणि प्रोथरोच्या आवृत्त्यांचा हक्क केव्हाच संपलाय, त्या नेटवर फुकट मिळतात. पैसे खर्चायची तयारी असेल तर मार्चंड यांनीच केलेली एका खंडातली निवड घ्या. आधी 1809 ची आईला लिहिलेली अल्बानियाची पत्रं, मग 1817 ते 1819 ची व्हेनिसहून मरीला लिहिलेली, मग 1821 च्या जानेवारी-फेब्रुवारीतली राव्हेनाची रोजनिशी. मिसोलोंगी सगळ्यात शेवटी. ऑगस्टाची पत्रं मात्र लेडी मेलबर्नच्या पत्रांबरोबर तारखा लावून एकत्र वाचा. एकाच आठवड्यात तो दोघींना काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते तेव्हाच दिसतं.